जाणारी लाईन, येणारी लाईन

माझ्या गावाच्या नावात कंस आहे. सिंदी (रेल्वे). पुण्यात पहिल्या नोकरीचा फॉर्म भरला तेव्हा एचआरवाल्या मुलीने निरागसपणे विचारलं होतं, "वडील रेल्वेत आहेत का?" नाही हो, गावच रेल्वेत आहे! वर्धा जिल्ह्यात, नागपूर-वर्धा लाईनवर. वर्धा शहराला लागून आणखी एक सिंदी आहे, सिंदी (मेघे). त्यामुळे आमची सिंदी म्हणजे रेल्वेवाली, हे सांगितल्याशिवाय भागत नाही. १८६७ मध्ये जीआयपी कंपनीची गाडी नागपूरपर्यंत पोचली आणि आमच्या भागातला कापूस रुळावरून मुंबईकडे जायला लागला. हल्ली गावाचं नाव पेपरात येतं ते तान्ह्या पोळ्यासाठी. बाकी वर्षभर आम्ही न थांबता धडधडत जाणाऱ्या गाड्या बघतो.

हे पुराण सांगायचं कारण म्हणजे अशा गावातल्या पोराला अप आणि डाऊन ही भानगड शाळेत जायच्या आधी कळते. एक लाईन जाणारी, एक येणारी. त्यामुळे विज्ञानात रक्ताभिसरणाचा धडा आला तेव्हा आम्हाला तो फारच सोपा गेला. हृदयाकडून निघतात त्या धमन्या, जुन्या पुस्तकांच्या भाषेत रोहिणी. हृदयाकडे परत येतात त्या शिरा, म्हणजे नीला. मधे केशवाहिन्यांचं जाळं. आकृतीत एक लाल पेन्सिल, एक निळी पेन्सिल. पाच मार्कांचा प्रश्न, पाचपैकी पाच.

(निळ्या पेन्सिलवर जाऊ नका. शिरेतलं रक्त निळं नसतं, गडद लालच असतं. शिवाय फुप्फुसाकडे जाणारी धमनी ऑक्सिजन कमी असलेलं रक्त नेते आणि तिथून निघालेली शीर ऑक्सिजनवालं रक्त आणते. व्याख्या रंगावर नाही, दिशेवर आहे.)

त्यानंतर वीसेक वर्षं हा विषय डोक्यातही आला नाही. मग तीन वर्षांपूर्वी आमच्या घरातल्या दोन म्हाताऱ्यांनी, म्हणजे मोठेबाबा आणि बाबा या दोन सख्ख्या भावांनी, तो धडा पुन्हा उघडायला लावला. एकाची येणारी लाईन बिघडली होती, दुसऱ्याची जाणारी.

आधी मोठेबाबा.

मोठेबाबांचं स्टेशन रोडला हॉटेल. हॉटेल म्हणजे आमच्याकडच्या अर्थाने. चहा, आलुबोंडे, भजी आणि सकाळी तर्री-पोहे. पस्तीस वर्षं पहाटे पाचपासून रात्री आठपर्यंत हा माणूस कढईसमोर उभा. त्यांच्या पोटरीवर शिरा दोरखंडासारख्या फुगलेल्या असायच्या. लहानपणी आम्ही पोरं त्या बोटाने दाबून बघायचो आणि ते म्हणायचे, "नकाशा हाय बे तो." संध्याकाळी घोटे सुजायचे, सकाळी उतरायचे. त्याला कोणी आजार म्हणत नव्हतं. दिवसभर उभं राहिलं की पाय सुजणारच, त्यात काय एवढं!

मग घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळपट झाली. खाज सुटायला लागली. एके दिवशी खाजवल्याचं निमित्त झालं आणि जखम झाली. जुन्या रुपयाएवढी. ती भरेचना. दीड वर्ष! त्या दीड वर्षात जखमेवर काय काय लावून झालं त्याची यादी केली तर एक पान भरेल. हळद, खोबरेल तेल, कडुनिंबाचा पाला, मेडिकलमधून आणलेली पावडर, तीन प्रकारचे मलम. शुगर दोनदा तपासली, दोन्ही वेळा नॉर्मल. जखम तळहाताएवढी झाली. मोठेबाबा लग्नाकार्याला जाईनासे झाले. जखमेला वास येतो आणि पंगतीत शेजारी बसलेल्याला तो जाणवतो, हे त्यांच्या मनाने घेतलं होतं. गावातल्या प्रत्येक लग्नात ज्या माणसाच्या देखरेखीखाली बुंदी पडायची, तो घरात खिडकीशी बसून वरातीचा बँड ऐकायचा.

शेवटी बाबा त्यांना सेवाग्रामच्या कस्तुरबा हॉस्पिटलमध्ये घेऊन गेले. तीसेक किलोमीटर. मी सुट्टीवर आलो होतो म्हणून सोबत. तिथल्या तरुण डॉक्टरने केलं काय, तर जखमेवर एक नजर टाकली आणि सरळ पावलाच्या वरच्या बाजूला दोन बोटं ठेवून नाडी शोधायला लागला. मग घोट्याच्या मागची नाडी. मग मोठेबाबांना उभं करून पोटरीपासून मांडीपर्यंत शिरा बघितल्या आणि डॉपलर सोनोग्राफीची चिठ्ठी दिली. मोठेबाबा वैतागले. बाबांना म्हणतात, "जखम इथं हाय, अन् हा बाप्पा मांडीले हात लावते!"

रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाला, "काका, तुमच्या पायात रक्त नीट जातंय. परत येत नाहीये."

आधी नाडी बघायचं कारण नंतर कळलं. पायाची जखम भरत नसेल तर पहिला प्रश्न हा की बिघाड कुठल्या लाईनवर आहे. जाणारी लाईन तुंबली असेल तर पाऊल थंड पडतं, चालताना पोटरी दुखते, थांबलं की बरं वाटतं, आणि जखम बहुधा बोटांच्या टोकाशी होते. बिडी-सिगारेटवाले आणि डायबेटिसवाले यात पुढे. येणारी लाईन तुंबली असेल तर पाय सुजतो, कातडी काळवंडते आणि जखम घोट्याच्या वर होते. दुसऱ्या प्रकाराला उपाय म्हणजे पाय घट्ट बांधणं. पण पहिल्या प्रकारात पाय घट्ट बांधला तर आधीच कमी पोचणारं रक्त आणखी कमी होईल आणि पाय गमवायची वेळ येईल. म्हणून आधी नाडी, मग बँडेज. (हे वाचून कोणी घरच्या घरी कोणाचा पाय आवळू नका, ही विनंती.)

त्या रात्री मी हा विषय घेऊन बसलो. रक्त हृदयाकडून जातं हे कळायला सोपं आहे, पंप आहे ना! पण परत कसं येतं?

आणि मुळात परत येतं हे तरी कोणाला कधी कळलं? दुसऱ्या शतकातल्या गेलन नावाच्या वैद्याची शिकवण युरोपात चौदाशे वर्षं चालली. त्यानुसार रक्त यकृतात तयार होतं, शरीरभर पसरतं आणि तिथेच खर्ची पडतं. शेतात पाणी सोडावं तसं. परत येण्याचा प्रश्नच नाही. विल्यम हार्वे नावाच्या इंग्लिश डॉक्टरने १६२८ मध्ये लॅटिनमध्ये एक लहानसं पुस्तक छापलं आणि ही कल्पना मोडीत काढली. त्याचा मुख्य पुरावा मला फार आवडला, कारण तो चक्क गुणाकार आहे. एका ठोक्याला किती रक्त बाहेर पडतं, अर्ध्या तासात किती ठोके पडतात, गुणा. त्याने मुद्दाम कमीत कमी आकडे धरले, तरी उत्तर शरीरातल्या सगळ्या रक्तापेक्षा जास्त आलं. एवढं रक्त यकृत तयार करूच शकत नाही. म्हणजे तेच रक्त फिरून येत असणार.

आजचे आकडे घालून बघा. एका ठोक्याला ७० मिलिलिटर, मिनिटाला ७२ ठोके. झाले पाच लिटर. अंगात एकूण रक्तही साधारण पाचच लिटर. म्हणजे आपलं सगळं रक्त मिनिटाभरात एक फेरी मारून येतं! दिवसाचे होतात ७२०० लिटर. उन्हाळ्यात गल्लीत पाण्याचा टँकर येतो, तेवढा माल हे मूठभर यंत्र रोज उपसतं, आपण नुसते बसून असलो तरी.

हार्वेला एकच दुवा दिसला नाही. धमनीतून निघालेलं रक्त शिरेत शिरतं कुठून, हे नुसत्या डोळ्यांना दिसण्यासारखं नव्हतं. तो १६५७ मध्ये गेला, आणि १६६१ मध्ये इटलीच्या माल्पिघीने सूक्ष्मदर्शकातून बेडकाच्या फुप्फुसात केशवाहिन्या बघितल्या. या इतक्या बारीक असतात की लाल पेशीला अंग चोरून, वाकून, एकामागे एक असं जावं लागतं. महाधमनीत सेकंदाला वीस-तीस सेंटिमीटर पळणारं रक्त इथे सेकंदाला एक मिलिमीटरसुद्धा सरकत नाही. तेच हवं असतं. माल उतरवायला आणि चढवायला गाडी थांबायला नको का?

आता परतीचं गणित. हृदयातून निघताना रक्ताचा दाब सुमारे १२० मिलिमीटर पारा. केशवाहिन्या ओलांडेपर्यंत त्यातले पंधराच्या आसपास उरतात. आणि उभ्या माणसाच्या घोट्यापासून हृदयापर्यंत चढ आहे चार फुटांचा. त्या रक्ताच्या स्तंभाचं स्वतःचं वजन घोट्याच्या शिरेवर पडतं, ते सुमारे ९० मिलिमीटर. स्तब्ध उभं राहिलं की रक्त परत येतं खरं, पण हा सगळा भार शिरेने सोसल्यावर.

निसर्गाने यावर दोन युक्त्या केल्यात. पहिली, शिरेच्या आत ठिकठिकाणी झडपा. एकाच बाजूला उघडणाऱ्या, वाड्याच्या दिंडी दरवाज्यासारख्या. रक्त वर जाऊ देतात, खाली येऊ देत नाहीत. हार्वेच्या इटालियन गुरूने, फाब्रिसियसने, या झडपा दाखवल्या होत्या, पण त्या कशासाठी हे ओळखलं हार्वेने. तुम्हीही बघू शकता. हात खाली सोडा, मनगटावरची एखादी फुगलेली शीर निवडा. बोटांच्या बाजूला तिच्यावर एक बोट दाबून ठेवा आणि दुसऱ्या बोटाने रक्त कोपराकडे सारत न्या. मधे एखादी गाठ दिसली, तर तिथपर्यंत शीर रिकामीच राहते. वरचं रक्त खाली येत नाही. दाबलेलं बोट उचला, की खालून भरते. १६२८ चा प्रयोग, खर्च शून्य.

दुसरी युक्ती पोटरी. चालताना पोटरीचा स्नायू आवळतो आणि मधल्या शिरांना पिळून काढतो. झडपा आहेतच, त्यामुळे पिळलेलं रक्त वरच जातं. नुसतं चालायला लागलं की घोट्याच्या शिरेतला तो ९० चा दाब तिसाच्या आसपास उतरतो. डॉक्टर लोक पोटरीला दुसरं हृदय म्हणतात ते उगीच नाही. पहिलं हृदय झोपेतही चालतं. दुसरं तुम्ही चाललात तरच.

आता मोठेबाबांची पस्तीस वर्षं आठवा. ते चालत नव्हते, उभे होते. दुसरं हृदय बंद, शिरेवर सतत भार. शीर रुंदावली, झडपांची पाती एकमेकांना पोचेनात, वर गेलेलं रक्त परत खाली. दाब घोट्याशी साचला, कातडी आतून कुजत गेली. जखमेवर लावलेल्या तिन्ही मलमांचा याच्याशी काही संबंध नव्हता. मलम प्लॅटफॉर्मवर लावत होते, बिघाड सिग्नलचा होता!

आपण म्हणू, आपल्याला काय, आपण कुठे कढईसमोर उभे असतो. खरंय. आपण बसतो. सकाळची स्टँडअप मीटिंगसुद्धा बसूनच करतो :-) शिरेच्या दृष्टीने खुर्चीतही पोटरी बंदच. माझ्या टीममधला एक जण, वय चौतीस, अमेरिकेहून लांबलचक प्रवास करून आला आणि दोन दिवसांनी एक पोटरी दुखायला लागली. नुसती एकच, आणि सुजलेली. जिममध्ये मुरगळली असेल म्हणून बसला नाही, त्याच्या बायकोने बसू दिलं नाही. सोनोग्राफीत खोलवरच्या शिरेत गुठळी निघाली. ही गुठळी सुटली तर जाते कुठे? येणाऱ्या लाईनवर वर जावं तसतशी शीर रुंद होत जाते, त्यामुळे ती कुठेही अडकत नाही. मांडी, पोट, हृदयाची उजवी बाजू, आणि तिथून थेट फुप्फुसाच्या धमनीत. तिथे मात्र वाट अरुंद होते आणि ती अडकते. माणूस मिनिटांत जाऊ शकतो. याचं वेळेत कळलं, रक्त पातळ करायच्या गोळ्या सहा महिने घेतल्या, आता ठणठणीत आहे. तासाभराने उठून पाण्याची बाटली भरायला जातो. बाटली मुद्दाम छोटी घेतलीये.

असो. आता बाबा.

त्याच दिवशी, सेवाग्रामच्याच रांगेत, सिस्टर मोठेबाबांचं बीपी घेत होत्या. शेजारी बाबा. त्यांनी गमतीने आपलाही हात पुढे केला. १६८/१०४. सिस्टर थांबल्या. दहा मिनिटं शांत बसवून पुन्हा घेतलं. १६४/१०२. आठवड्याने पुन्हा, तेच. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि तिथून आमच्या घरात वाद सुरू झाला.

बाबा म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतले रिटायर्ड मास्तर. वजन बावन्न किलो. जन्मभर सायकल. बिडी नाही, तंबाखू नाही. "मले काहीच होत नाही. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही. गोळी कायले?" आणि दुसरा मुद्दा, "मी काय जाडा हाय?"

मोठेबाबांच्या जखमेसाठी अख्खं घर दीड वर्ष धावत होतं, कारण ती दिसत होती. बाबांचा १६८ कोणालाच दिसत नव्हता. बाबांनासुद्धा.

म्हणून पुन्हा अभ्यास. धमनी म्हणजे नुसती नळी नाही. तिची भिंत रबरासारखी ताणते. हृदय तर झटक्याने रक्त फेकतं, ठोका-विश्रांती, ठोका-विश्रांती. ठोक्याला महाधमनी फुगते, विश्रांतीत पुन्हा आवळते आणि साठवलेलं रक्त पुढे ढकलते. म्हणून मधल्या विश्रांतीतही प्रवाह चालू राहतो. वरचा आकडा ठोक्याचा, खालचा विश्रांतीचा. १२० मिलिमीटर पारा म्हणजे पाच फुटांहून उंच पाण्याचा स्तंभ. हा दाब पहिल्यांदा मोजला तो स्टीफन हेल्स या इंग्लिश पाद्र्याने. त्याने घोडीच्या धमनीत नळी घातली आणि रक्त आठ फुटांच्या वर चढलं. हे छापून आलं १७३३ मध्ये. दंडाला पट्टा बांधून मोजायची सोय १८९६ ची, इटलीच्या रिव्हा-रोचीची. आणि स्टेथोस्कोपने ठोके ऐकून वरचा-खालचा ठरवायची रीत १९०५ ची, रशियाच्या कोरोत्कोव्हची.

खरी मेख आहे ती धमन्यांच्या शेवटच्या फांद्यांत. केसाएवढ्या बारीक धमनिका, पण भिंतीत स्नायू. त्या आवळतात आणि सैल होतात. हे शरीरातले नळ. जेवल्यावर पोटाकडचे उघडतात, पळताना पायाकडचे. आणि गणित फार तिखट आहे. फ्रान्सच्या प्वाझ्यने काढलेल्या नियमाप्रमाणे नळीची त्रिज्या निम्मी झाली, तर प्रवाह निम्मा होत नाही, सोळावा हिस्सा होतो. म्हणजे शरीरभरचे हे नळ जरासे जरी कायम आवळून राहिले, तर तेवढंच रक्त ढकलायला हृदयाला दाब बराच वाढवावा लागतो. वाढलेल्या दाबाने धमन्यांच्या भिंती जाड आणि कडक होतात, कडक झाल्या की दाब आणखी वाढतो. मेंदू, मूत्रपिंड, डोळ्याचा पडदा आणि खुद्द हृदय वर्षानुवर्षं मार खात राहतं. दुखत काहीच नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर ओव्हरलोडवर चालू आहे, आणि अलर्ट पाठवायची सोयच केलेली नाही. पहिला अलर्ट कधी कधी थेट लकवा.

हे सगळं मी बाबांना सांगितलं. त्यांनी मास्तरच्या नजरेने ऐकून घेतलं आणि पुन्हा म्हणाले, "पण मी जाडा हाय का?"

तेव्हा मी गांधीजींना आणलं. वर्ध्याच्या माणसाशी वाद घालताना हे हत्यार चालतं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, २०१९ मध्ये गांधीजींच्या आरोग्याच्या नोंदी पुस्तकरूपात छापल्या. २६ ऑक्टोबर १९३७, दाब १९४/१३०. १९ फेब्रुवारी १९४०, दाब २२०/११०. गांधीजी १९३६ मध्ये सेगावात राहायला आले, त्यानंतरची ही वर्षं. याच सेगावचं पुढे सेवाग्राम झालं. आणि त्याच नोंदींत त्यांचं वजन आहे ४६.७ किलो, उंची १६५ सेंटिमीटर. म्हणजे बाबांपेक्षाही सव्वापाच किलो कमी! आहार मोजून, चालणं रोजचं, व्यसन कसलंच नाही. तरी २२०.

बाबा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "मंग ते काय घेत?"

हा प्रश्न चांगला होता. त्या काळात आजच्यासारख्या गोळ्याच नव्हत्या. विश्रांती, आहारात बदल, मौन. आणि सर्पगंधा. ही आपल्याकडची जुनी वनस्पती, गांधीजीही ती घेत. तिचं पुढे काय झालं ही मुंबईची गोष्ट आहे. रुस्तम जाल वकील या हृदयरोगतज्ज्ञांनी दाब वाढलेल्या रुग्णांना सर्पगंधा देऊन नीट नोंदी ठेवल्या आणि १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निबंध छापला. जगाचं लक्ष तिकडे गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रिसर्पिन वेगळं काढलं गेलं, आणि १९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. रिसर्पिन करतं काय, तर धमनिकांना आवळायचा निरोप देणाऱ्या मज्जातंतूंमधला रसायनाचा साठाच संपवतं. निरोप पोचत नाही, नळ सैल होतात. त्याने काहींना खोल उदासी यायची आणि पुढे त्याहून चांगली औषधं आली, म्हणून ते मागे पडलं. पण दाब हा औषधाने उतरवण्याजोगा आजार आहे, हे जगाला पटवणाऱ्या पहिल्या काही औषधांत ते होतं.

"म्हणजे त्यायच्या काळी ही गोळी असती, तर घेतली असती त्यायनं?" बाबांनी विचारलं. आता गांधीजींच्या वतीने मी काय सांगणार? मी एवढंच म्हटलं की ते आकडा लिहून ठेवत होते, तुम्ही तेवढं तरी करा.

तेवढं मात्र त्यांना जमण्यासारखं होतं. मास्तरच ते! हजेरीपटासारखी वही आखली. तारीख, वरचा, खालचा, शेरा. वहीत सगळे वरचे आकडे १६० च्या पुढे दिसायला लागले, आणि दोन आठवड्यांनी कोणी न सांगता गोळी सुरू केली. आता वरचा १३० ते १४० मधे असतो. शेऱ्याच्या रकान्यात "काही त्रास नाही" असं रोज लिहितात. आधीही हेच लिहीत होते.

मोठेबाबांचा पाय चार थरांच्या घट्ट बँडेजने पाच महिन्यांत भरला. पाय छातीपेक्षा उंच ठेवून झोपायचं होतं, त्यावर मोठीआईशी भांडण झालं, कारण खाट अशी लावली की पाय देव्हाऱ्याकडे. शेवटी देव्हारा हलवला. पण झडपा काही परत आल्या नाहीत. म्हणून दाब देणारे मोजे रोज घालायचे, कायम. सोडले की जखम पुन्हा उघडायची शक्यता. आणि हे आमच्या विदर्भात, जिथे मे महिन्यात पारा ४५ ला जातो! मागच्या उन्हाळ्यात फोन केला तर म्हणाले, "तू ये इथं, तू घालून दाखव मोजे, मंग मी घालतो." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. दहा दिवस त्यांनी मोजे घातले नाहीत, आणि घोट्याशी पुन्हा खाज सुरू झाल्यावर आपणहून घातले.

तुम्हाला काय सांगू? शनिवारी हे वाचत असाल तर एकदा उठून जिना उतरून या, एवढं तुमच्यासाठी. आणि घरी चाळिशीच्या पुढचं कोणी असेल, जाडं असो की काडी, तर दंडावर बांधायचं मशीन आणा. आधी पाच मिनिटं पाठ टेकून बसायचं, हात छातीच्या उंचीवर, अर्धा तास आधी चहा-तंबाखू नाही. दोनदा मोजायचं. आकडा जास्त आला तर डॉक्टरकडे, आणि आकडा छान आला तरी चालू गोळी आपल्या मनाने बंद नाही.

परवा घरी फोन केला तर बाबांच्या वहीत मंगळवारचा रकाना रिकामा होता. विचारलं तर म्हणाले, "मशीनच नव्हतं, दादा घेऊन गेला." मोठेबाबा आता हॉटेलात गल्ल्याशी बसतात, पाय समोरच्या स्टुलावर. कढईसमोर मुलगा असतो, त्याला ते दर अर्ध्या तासाने बाहेर एक चक्कर मारायला पिटाळतात. आणि मशीन गल्ल्यावर. येणाऱ्या-जाणाऱ्याला बसवतात, मोजतात, आकडा कागदावर लिहून देतात. मी म्हटलं, "मोठेबाबा, चहा प्यायल्यावर अर्धा तास मोजायचं नसतं."

"मालूम हाय मले," ते म्हणाले. "म्हणून आधी मोजतो, मंग चहा देतो."